मोरस

पंचवटीकडून पूल ओलांडून ती आली
भद्रकालीत, माझ्या दुकानात,
काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी गोल.
म्हणाली, फाटलंय. विमानात. कातडं घालाल?
तिचं मराठी म्हणजे
ट्रंकेतून काढलेलं लुगडं:
घडीवर विरलेलं, काठ मात्र शाबूत.

वाद्य कुठलं म्हणायचं हे?
"रावान," म्हणाली.
मी हसलो. बाई, पंचवटीतून रावान घेऊन आलीस
आणि कुणी अडवलं नाही?
तिला कळायला वेळ लागला.
मग तीही हसली, स्टूल ओढून बसली.

नाव मारी-सुलोचना. आडनाव भिवाजी.
आडनाव कसलं, ते तर पणजोबाचं पाळण्यातलं नाव.
बंदरावरच्या कारकुनाला तेवढंच ऐकू आलं,
पुढे त्यानं नंबर टाकला.
सकाळी रामकुंडावर गुरुजींनी लाल बासनातल्या
तीन वह्या सोडल्या:
आडनाव सांगा, गाव सांगा, कूळ सांगा.
तिनं नंबर सांगितला.
गुरुजींनी वही मिटली. चहा मात्र पाजला.

मी कातडं भिजत घातलं.
बकरीचंच हवं, ती म्हणाली,
आणि वाजवण्याआधी शेकायचं,
उसाच्या पाचटाच्या जाळावर.
अगं, हलगीला आम्ही दुसरं काय करतो!
मला वाटलं, सापडलं. आमचंच वाद्य,
समुद्र ओलांडून गेलेलं.

नाही, म्हणाली.
हे आफ्रिकेतून बांधून आणलेल्यांचं.
आमच्या आधी त्याच उसात राबले ते.
माझ्या आईची आई त्यांच्यातली.
हे तिचं.

मी वादी ओढत राहिलो.
माझा बाप ज्या गावातून या शहरात आला
तिथं हलगी लागायची प्रत्येक लग्नाला,
आणि हलगीवाला बसायचा मांडवाबाहेर.
कुणाचं काय, हे बोलायची घाई
मी तरी करायला नको होती.

मग बापाकडचं काय उरलं?
एक ओळ, म्हणाली. गणपतीत झाकरी नाचताना
म्हातारे म्हणायचे:
"बुधवारी गं गंगेवरी
भरला हिरवा चुडा."
आम्ही पोरं हसायचो. आमची गंगा म्हणजे डोंगरावरचं तळं.
तिथं माकडं असतात. बांगड्या कोण विकणार?
कुणी म्हणे काशी असेल,
कुणी म्हणे यमकासाठी जुळवलंय.

माझा हात थांबला.
बाई, आज वार कोणता?
मंगळवार.
उद्या सकाळी ये. घाटावर.
गोदावरीला इथं कुणी गोदावरी म्हणत नाही.

बुधवारी ती आली तेव्हा
बाजार पायऱ्यांपर्यंत पसरलेला:
लसूण, कोयते, सुकट, प्लास्टिकच्या बादल्या,
मेथीच्या जुड्यांवर पाणी मारणाऱ्या बायका.
ती काही बोलली नाही. एकदा पाण्याकडं बघितलं,
एकदा माझ्याकडं, मी थापा मारतोय का म्हणून.
खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती.
नदीकाठचे बाजार काय कमी आहेत?

बांगडीवालीनं विचारलं, कुठली गं तू?
मोरिशस.
म्हातारीला कमी ऐकू येई. मोरस?
अगं, माझी सासू साखरेला मोरस म्हणायची!
मोरस घाल चहात, म्हणायची.
आणि ती हे वारंवार सांगत राहिली
शेजारच्या कांदेवालीला, गिऱ्हाइकांना, मला.
म्हणजे साखर येऊन गेली होती इथं,
बेटाचं नाव अंगावर घेऊन,
पोत्यात बसून.

हिरव्या बांगड्या चढेनात.
वाजवणारीचा हात, सांध्यांशी रुंद.
दोन फुटल्या. तिसरी साबण लावून गेली.
"चुडा" म्हणावा एवढं ते नव्हतं.

रावान मी उन्हात धरला होता. टिचकी मारली.
बद्द आवाज. आतून ओलंच अजून.
संध्याकाळपर्यंत थांब, म्हटलं.
रात्री मुंबईहून विमान आहे, म्हणाली.

मग तिकडं जाऊन शेक.
पाचट काय, तिकडं आहेच.